रोजच्या जगण्यात योग आणि सजगता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज योग करावा असे ज्यांना वाटते, पण नेमके काय, किती आणि कशासाठी करायचे याविषयी ज्यांच्या मनात गोंधळ आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. योग हा सर्व व्याधींवरचा रामबाण उपाय आहे असे येथे गृहीत धरलेले नाही. धडधाकट माणसाला आणि आजारासह जगणाऱ्या माणसालाही दररोज ज्याचा आधार वाटावा असा सराव, एवढ्याच मर्यादित अपेक्षेने त्याचा विचार केला आहे.

योग आणि सजगता या वेगवेगळ्या गोष्टी आहेत का?

सजगता (माइंडफुलनेस) म्हणजे या क्षणी जे घडते आहे त्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देणे. योग आणि सजगता यांच्या परंपरा वेगळ्या आहेत, पण प्रत्यक्ष सरावात त्या एकमेकींपासून फारशा वेगळ्या काढता येत नाहीत. पतंजलींच्या योगसूत्रांत यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी अशी आठ अंगे सांगितली आहेत आणि त्यांतील उत्तरार्ध हा सगळा इंद्रियांना व मनाला वळण लावण्याविषयीच आहे. आज सजगतेचा सराव म्हणून जे शिकवले जाते त्याची मुळे प्रामुख्याने बौद्ध परंपरेतील आनापान (येत्या-जात्या श्वासाकडे लक्ष देणे) आणि विपश्यना (शरीर-मनात जे घडते ते जसे आहे तसे पाहणे) या साधनांत आहेत. 1979 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी दीर्घकालीन वेदना आणि ताण यांनी त्रस्त असलेल्या रुग्णांसाठी जो कार्यक्रम सुरू केला, आणि जो पुढे आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमाच्या रूपात जगभर पोचला, त्यात बसून करायचे ध्यान होते, पडून राहून शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष नेणे होते आणि सौम्य योगासनेही होती. त्यामुळे ‘मी योग करतो, सजगता माझ्यासाठी नाही’ किंवा याच्या उलट म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही.

फक्त आसने केली तर चालणार नाही का?

चालेल. नुसत्या आसनांनीही सांधे मोकळे राहतात, पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंना काम मिळते, तोल सुधारतो. परंतु ज्या योगसूत्रांचा दाखला आसने शिकवणारा प्रत्येक जण देतो, त्यांत आसनाविषयी अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतील पहिले ‘स्थिरसुखमासनम्’ हे आहे. स्थैर्य आणि सुख या दोन्ही कसोट्या बाहेरून दिसणाऱ्या आकाराला लावता येत नाहीत. त्या आतून तपासाव्या लागतात. श्वास अडतो आहे का, जबडा आवळला गेला आहे का, एका खांद्यावर जास्त भार येतो आहे का, हे पाहण्यासाठी लक्ष शरीरातच असावे लागते. दूरचित्रवाणीवरील चर्चा ऐकत केलेले भुजंगासन हा पाठीचा चांगला व्यायाम आहे, यात शंका नाही. त्याने मन शांत झाले नाही, अशी तक्रार मात्र मग करू नये.

याचा खरोखर उपयोग होतो, हे कशावरून?

योगाचे परिणाम मोजून पाहण्याची खटपट शंभर वर्षे जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात होणारे बदल प्रयोगशाळेतील उपकरणांनी टिपायला सुरुवात केली. अलीकडच्या काळात चाचण्यांची संख्या प्रचंड वाढली आहे, पण त्यांचा दर्जा सारखा नाही, म्हणून मोठ्या आणि काटेकोर अभ्यासांकडेच पाहिलेले बरे.

2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ध्यानाच्या कार्यक्रमांवरील 47 चाचण्या आणि त्यांतील सुमारे 3,500 व्यक्ती यांचा एकत्रित विचार करण्यात आला. सजगतेवर आधारलेल्या कार्यक्रमांमुळे चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम सुधारणा होते, असा त्याचा निष्कर्ष होता. व्यायाम किंवा औषधे यांसारख्या उपायांपेक्षा ध्यान अधिक सरस ठरते, असा पुरावा मात्र त्यात आढळला नाही. 2017 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकीय संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी प्रथम औषधांविना उपाय करून पाहावेत अशी शिफारस केली आणि त्या उपायांच्या यादीत योग व सजगता या दोहोंचा समावेश केला. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत चिंताविकार असलेल्या प्रौढांच्या एका गटाला आठ आठवड्यांचे सजगता प्रशिक्षण आणि दुसऱ्या गटाला एसिटालोप्राम हे प्रचलित औषध देण्यात आले, तेव्हा प्रशिक्षण औषधाच्या तुलनेत कमी पडले नाही.

या निष्कर्षांत चमत्कार कोठेही नाही. मध्यम स्वरूपाचा, पण खरा असा फायदा आहे. प्रचारकांना तो अपुरा वाटतो आणि टीकाकारांना अवाजवी. रोजच्या वापरासाठी तो पुरेसा आहे, असे आमचे मत आहे.

संथ श्वसनाने शरीरात नेमके काय घडते?

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा चालतो. हृदयाचे ठोके, पचन, घाम यांवर आपली थेट सत्ता चालत नाही. श्वास आपोआप चालतो आणि हवा तेव्हा आपल्याला बदलताही येतो, म्हणून या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेपर्यंत पोचण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे. पूरकाच्या, म्हणजे श्वास आत घेण्याच्या, वेळी हृदयाची गती किंचित वाढते आणि रेचकाच्या, म्हणजे श्वास सोडण्याच्या, वेळी ती किंचित मंदावते, कारण श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरील प्रभाव वाढतो. रेचक लांबवला की हा शांत करणारा प्रभाव अधिक काळ टिकतो. श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आणली, म्हणजे चार सेकंद श्वास घेऊन सहा सेकंदांत सोडला, तर श्वसन, रक्तदाब आणि हृदयगती यांचे चढउतार एका तालात येतात.

याउलट, जोरजोरात आणि भरभर श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर येणे, बोटांना मुंग्या येणे, ओठ बधिर होणे असे त्रास होतात. काही ठिकाणी या मुंग्यांना ऊर्जा जागृत झाल्याची खूण मानले जाते. ती अतिश्वसनाची खूण आहे, आणि तसे झाल्यास प्रक्रिया थांबवून श्वास नेहमीसारखा चालू द्यावा.

रोज किती वेळ द्यावा?

सुरुवातीला पंधरा मिनिटे पुरेत. पहिली दोन मिनिटे उताणे पडून, शरीर जमिनीला कोठे टेकले आहे आणि कोठे ताठरले आहे ते पाहावे. पुढील सात मिनिटांत ताडासन, मार्जारासन, भुजंगासन आणि पवनमुक्तासन ही चार आसने श्वासाच्या गतीने, घाई न करता करावीत. त्यानंतर तीन मिनिटे वर सांगितल्याप्रमाणे संथ श्वसन किंवा भ्रामरी (श्वास सोडताना भुंग्यासारखे गुंजन करणे), आणि उरलेली तीन मिनिटे काहीही न करता बसावे. यांतील शेवटचा भागच वगळण्याचा मोह सर्वांना होतो, कारण त्यात काही ‘केल्यासारखे’ वाटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम तीव्रतेची शारीरिक हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम सुचवते. सौम्य आसनांची तीव्रता बहुधा यापेक्षा कमी असते. म्हणून योग सुरू केला म्हणून भरभर चालणे, पोहणे किंवा सायकल चालवणे सोडू नये.

सकाळीच करायला हवा का?

नाही. सकाळी पोट रिकामे असते आणि व्यत्यय कमी असतात, एवढीच सकाळची सोय. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास आणि हलक्या खाण्यानंतर तासभर जाऊ द्यावा. रात्री उशिरा सूर्यनमस्कारांसारखा दमवणारा सराव टाळावा.

माझे शरीर अजिबात लवचीक नाही. पायांची बोटेही पकडता येत नाहीत. मी योग करू शकेन का?

पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, बोटे पकडता येणे हे मांडीच्या मागच्या स्नायूंच्या लांबीवर, नितंबांच्या सांध्यांच्या रचनेवर आणि हात व पाय यांच्या लांबीच्या प्रमाणावर अवलंबून असते. यांतील काही गोष्टी सरावाने बदलतात, काही जन्मभर तशाच राहतात. गुडघे थोडे वाकवून, बैठकीखाली घडी घातलेले ब्लँकेट ठेवून किंवा पायाभोवती पट्टा अडकवून तेच आसन करता येते आणि त्याचा परिणाम उणावत नाही. पुण्यात अध्यापन केलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, खुर्च्या आणि उशा यांचा पद्धतशीर वापर रूढ केला, तो याच विचाराने. जमिनीवर बसणे शक्य नसेल तर बहुतेक हालचाली खुर्चीवर बसून करता येतात. वयस्कर व्यक्तींनी भिंतीचा किंवा खुर्चीच्या पाठीचा आधार घेण्यात कसलाही कमीपणा मानू नये.

ताण आणि वेदना यांतील फरक मात्र ओळखायला शिकावे. स्नायूच्या मध्यभागी जाणवणारा, श्वासाबरोबर सैलावणारा ताण चालतो. सांध्यात टोचणारी, पायात किंवा हातात विजेसारखी उतरणारी वेदना जाणवली तर आसन तत्काळ, पण सावकाश सोडावे.

डोळे मिटून बसले की विचार अधिकच वाढतात. माझे काही चुकते आहे का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि सराव सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारणही. विचार वाढत नाहीत. ते एरवीही तितकेच असतात, फक्त ते पाहायला आपण बसलेलो नसतो. 2010 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी दिवसभरात अधूनमधून फोनवरून लोकांना ‘आत्ता तुम्ही काय करत आहात आणि तुमचे लक्ष कोठे आहे’ असे विचारले, तेव्हा जवळजवळ 47 टक्के वेळा उत्तर देणाऱ्याचे लक्ष हातातील कामावर नव्हते. मन भटकणे हा मेंदूचा स्वभाव आहे आणि त्यातूनच नियोजन, आठवण, कल्पना या गोष्टीही घडतात.

सरावाचा गाभा विचार थांबवण्यात नसून परतण्यात आहे. श्वासावर लक्ष ठेवले, ते निसटले, कोठे तरी कालच्या भांडणात किंवा उद्याच्या कामात रमले, आणि मग एका क्षणी ‘अरे, मी येथे नव्हतो’ हे ध्यानात आले. हा ध्यानात येण्याचा क्षण म्हणजेच सजगता. त्यानंतर स्वतःवर न चिडता लक्ष पुन्हा श्वासाकडे आणायचे. दहा मिनिटांत ते तीस वेळा निसटले आणि तीस वेळा परत आणले, तर वजन तीस वेळा उचलल्यासारखे ते आहे. त्या दिवसाचा सराव फुकट गेला असे समजण्याचे कारण नाही. कधी कधी मन आपोआप शांत होते आणि फार बरे वाटते. ते छानच, पण तेच ध्येय धरून दुसऱ्या दिवशी बसले की निराशा हमखास पदरी पडते.

ज्यांना श्वासाकडे पाहिल्यावर गुदमरल्यासारखे वाटते, त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा आजूबाजूचे आवाज हा आधार घ्यावा. डोळे उघडे ठेवले तरी चालतात.

बसायला वेळच मिळत नसेल तर दिवसभराच्या कामांत सजगता कशी आणता येईल?

वेगळा वेळ काढण्याला पर्याय नाही असे म्हणणारे शिक्षक आहेत. आम्हाला ते पूर्णपणे पटत नाही. रोज न चुकता होणारे एखादे काम निवडावे आणि ते करताना फक्त तेच करावे. दात घासताना हिरड्यांना होणारा स्पर्श आणि तोंडातील चव, जिना चढताना पोटऱ्यांवर येणारा ताण, पाणी पिताना घशातून उतरणारा थंडावा, भांडी धुताना हातांवरील पाण्याची ऊब: यांपैकी एकच काम आठवडाभर पुरते. एकदम सगळा दिवस सजग राहण्याचा संकल्प केला तर तो दुपारपर्यंत विसरला जातो.

जेवताना पहिले चार-पाच घास फोन दूर ठेवून, नीट चावून खाणे हा याच जातीचा सराव आहे. त्यातून भूक किती आहे आणि पोट कधी भरले हे कळू लागते. संगणकापुढे बसणाऱ्यांनी तासातून एकदा खांदे कानांकडे किती सरकले आहेत ते पाहावे. ते बहुधा सरकलेलेच असतात. फोन वाजल्यावर तो उचलण्यापूर्वी एक पूर्ण श्वास घेणे आणि सोडणे ही सवय तर अतिशय साधी आहे, आणि पुढील संभाषणाचा सूर तिच्यामुळे बदलतो.

राग अनावर होतो तेव्हा याचा काही उपयोग होतो का?

भडका उडाल्यावर ध्यानाला बसणे कोणालाच जमत नाही. उपयोग होतो तो त्याच्या थोडा आधी. राग मनात स्पष्ट होण्यापूर्वी शरीरात उमटतो: कान तापतात, मुठी आवळतात, श्वास छातीत वरच्या वर चालू लागतो. रोजच्या सरावात शरीराकडे पाहण्याची सवय झालेल्या माणसाला ही लक्षणे लवकर दिसतात, आणि ती दिसली की बोलण्यापूर्वी दोन लांब रेचक करण्याइतकी उसंत मिळते. रागामागचे कारण रास्त असेल तर ते नंतर शांतपणे मांडता येतेच. अन्याय सहन करत राहण्याचे साधन म्हणून सजगतेचा वापर होऊ नये. अवाजवी काम लादून वर कर्मचाऱ्यांना ध्यानवर्गाला पाठवण्याची पद्धत आम्हाला मुळीच मान्य नाही.

झोप लागत नाही. काय करावे?

अंथरुणावर शवासनात पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत सावकाश लक्ष फिरवावे आणि रेचक पूरकापेक्षा लांब ठेवावा. झोप आणण्याचा आटापिटा करू नये, कारण त्यानेच जाग वाढते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री असा त्रास होत असेल आणि तो तीन महिन्यांहून जास्त काळ टिकला असेल, तर तो दीर्घकालीन निद्रानाश असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

कोणी काय टाळावे?

काचबिंदू किंवा दृष्टिपटलाचा विकार असल्यास शीर्षासन, सर्वांगासन आणि डोके बराच वेळ खाली राहील अशी आसने करू नयेत, कारण त्यांत डोळ्यांतील दाब वाढतो. नियंत्रणात नसलेला उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी हीच आसने, तसेच दीर्घ कुंभक (श्वास बराच वेळ रोखणे) आणि कपालभाती व भस्त्रिका हे जलद, जोरकस श्वसनाचे प्रकार टाळावेत. हाडे ठिसूळ झाली असल्यास कंबरेतून खोल पुढे वाकणे आणि जोराने पीळ देणे धोक्याचे ठरते. त्यात मणक्याला अस्थिभंग होण्याची शक्यता असते. हर्निया किंवा पोटाची अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल तर पोटावर दाब देणाऱ्या क्रिया डॉक्टरांच्या परवानगीशिवाय करू नयेत. अपस्माराच्या (फिट येण्याच्या विकाराच्या) रुग्णांनी जलद श्वसनापासून दूर राहावे, कारण अतिश्वसनाने झटका येऊ शकतो.

गर्भवती स्त्रियांनी कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखणे, पोटावर झोपून करायची आसने आणि खोल पीळ टाळावेत; गर्भारपणाच्या उत्तरार्धात फार वेळ उताणे न पडता कुशीवर, शक्यतो डाव्या, विसावावे. सौम्य हालचाली आणि संथ श्वसन बहुतेकींना मानवते, तरीही आपल्या प्रसूतितज्ज्ञांना आधी विचारावे.

ध्यानाने मनावर उलटा परिणाम होऊ शकतो का?

होऊ शकतो, आणि हे पुरेसे सांगितले जात नाही. पूर्वी मोठा मानसिक आघात झालेल्या व्यक्तीला शांत बसल्यावर त्या आठवणी अंगावर धावून आल्यासारख्या वाटू शकतात. काहींना आपण स्वतःपासून तुटल्यासारखे भासते, काहींची चिंता वाढते. अशा वेळी चिकाटीने बसून राहण्याचा सल्ला चुकीचा आहे. डोळे उघडावेत, उठून चालावे, आजूबाजूच्या वस्तूंकडे पाहून त्यांची नावे मनात घ्यावीत, आणि पुढील सराव छोटा व हालचालीसह ठेवावा. मनोविकृती किंवा द्विध्रुवीय विकार यांवर उपचार घेणाऱ्यांनी दिवसचे दिवस मौन पाळून करायच्या शिबिरांना जाण्यापूर्वी आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलणे अत्यावश्यक आहे. आत्महत्येचे विचार येत असतील तर कोणताही सराव करून पाहत थांबू नये. त्वरित जवळच्या माणसाला सांगावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

योग सुरू केल्यावर औषधे बंद करता येतील का?

स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नयेत. रक्तदाब, मधुमेह, नैराश्य यांवरील औषधे अचानक थांबवल्यास गंभीर परिणाम होतात. मोजमापांत सुधारणा दिसली तर डॉक्टर स्वतःच मात्रा कमी करण्याचा विचार करतील.

शिक्षकाची गरज आहे का, की चित्रफिती पाहून शिकता येईल?

संथ श्वसन, शवासन आणि बसून करायचे छोटे ध्यान एखाद्या चांगल्या ध्वनिफितीवरून शिकता येते. आसनांसाठी, निदान सुरुवातीचे काही महिने, कोणीतरी प्रत्यक्ष पाहणारे असावे, कारण आपली पाठ कशी वाकली आहे हे आपल्याला दिसत नाही. चांगला शिक्षक पहिल्याच भेटीत तुमच्या आजारांविषयी विचारतो, ‘नाही जमत’ म्हटल्यावर पर्याय देतो आणि हात लावण्यापूर्वी परवानगी घेतो. कर्करोग बरा करून देण्याची हमी देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

यासाठी विशिष्ट धर्मावर श्रद्धा असावी लागते का?

नाही. ओंकार किंवा प्रार्थना ज्यांना जवळची वाटते त्यांनी जरूर करावी. भ्रामरीतील गुंजनाने किंवा नुसत्या श्वासाकडे पाहण्यानेही सराव पूर्ण होतो.

फरक कधी जाणवतो, आणि मध्येच खंड पडला तर?

संथ श्वसनाचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि थोड्या वेळाने ओसरतो. पाठीचा कडकपणा कमी व्हायला काही आठवडे लागतात. स्वभावातील चिडचिड उणावल्याचे बहुधा आधी घरच्यांच्या लक्षात येते. सवय मुरण्याविषयी ‘एकवीस दिवस’ हा आकडा सर्रास सांगितला जातो, पण लंडनमधील संशोधकांनी 2010 च्या सुमारास रोजच्या साध्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सरासरी 66 दिवस लागल्याचे दिसले आणि व्यक्तीव्यक्तींमधील अंतर 18 ते 254 दिवस इतके मोठे होते. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष अडथळा आला नाही.

खंड पडणारच. आजारपण येते, प्रवास असतो, घरात कोणाचे दुखणेखुपणे निघते. पुन्हा सुरुवात करताना सुटलेल्या दिवसांची भरपाई म्हणून तासभर सराव करू नये. त्याने अंग दुखते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टाळाटाळ होते. पाच मिनिटांवरून आरंभ करावा, पूर्वी सहज जमणारी आसने आठवडाभर अर्ध्यावरच थांबवावीत, आणि ताप येऊन गेला असेल तर थकवा पूर्ण जाईपर्यंत केवळ शवासन व संथ श्वसन एवढेच ठेवावे.